आखणीच्या वेळी बोलायचं नाय

—नाय, नाय, म्याडम, हात नका लावू. ओलं असंल अजून. ह्या रंगाचा डाग साडीवर पडला की जात नाय, माझ्या लुगड्यांना विचारा. बसा आधी तुमी. पेंढ्यावर नको, तो पाट घ्या. टेम्पोवाल्याला सांगा गाडी सावलीत लाव, एवढ्यात काय माल चढत नाय. चहा ठेवते. नको? दुधाचा नको तर कोरा देते — हमरापुरात गणपतीच्या कारखान्यात आलेलं माणूस चहा घेतल्याबिगर जात नाय, मंग ते मूर्ती घेवो नायतर भांडण करो. तुमी भांडायला आलाय, ते कळलं मला. कापड वर केलंत आणि तुमचं तोंड असं झालं — डोळ्यांवरूनच ना? व्हय, उघडे हायत. काळं बुबुळ, आत पांढरा ठिपका. हमरापूरची डोळ्यांची आखणी हाय ती म्याडम, ठिपका दिल्याबिगर डोळा बघत नाय. तुमी बघा की, हे सहाव्या महिन्याचं बाळ — कसं बघतंय तुमच्याकडं!

काय? पोटातल्या बाळाचे डोळे मिटलेले असतात? अहो, हे मला सांगताय? माझी तीन बाळंतपणं झाली ह्याच घरात, कारखान्याच्या मागल्या खोलीत. तुमचा फोटो आमी बघितला नाय असं नाय. तो बघा भिंतीला लावलाय, खिळा ठोकून. त्यात मिटलेलेच हायत, आणि साच्यात पण मिटलेलेच हायत — बोट फिरवा, कळंल तुमाला, पापणी मिटलेली, आणि तिच्यावर रंगानं डोळा काढलाय. म्हंजे चूक साच्याची नाय. हिरामणची नाय, हिरामण माझा पोरगा, तुमच्याशी फोनवर बोलतो तोच, तो साचे घालतो. रंग सुनेचा. सगुणा माझी सून. आखणी फक्त तीच करते आमच्याकडं. तुमच्या कॉलेजात कशी एकेकीची एकेक विद्या, तसं इथं पण हाय — कोण पॉलिश मारतं, कोण अंगरंग, कोण सोनेरी. डोळे मात्र एकाच हाताचे. दोन हात लागले की एक डोळा एकीकडं बघतो, दुसरा दुसरीकडं. आणि ती डोळ्याला बसली की कारखान्यात बोलायचं नाय. रेडिओ बंद, मोबाईल बंद, बाहेरून व्यापारी आला तरी त्यानं उंबऱ्यात उभं ऱ्हायचं. माझ्या सासूच्या वेळेपासनं तसंच. आता मी एवढी बडबडतेय ना, त्यावरनंच समजा, आखणी बंद हाय.

तर ही चूक — चूक म्हणा, मी पण म्हणते — ही आमचीच लोकं करतील, दुसरं कोण नाय करणार. बिनरंगाचा कच्चा माल बाहेर जातो तो बिनडोळ्यांचा जातो, त्याचं काय नाय. पण एकदा अंगरंग चढला की ते निसतं प्लास्टर ऱ्हात नाय, ते आंधळं उंबऱ्याबाहेर काढायचं नाय. काढलं तर घराला लागतं, असं म्हणतात. तुमाला हसू येत असंल. मागल्या साली तुमच्या युनिवर्सिटीची पयली ऑर्डर आली ना, तवा तुमी अजून हसला असतात. तुमी नव्हता तवा, ते चष्मेवाले सर व्हते. रोह्याला नर्सिंगचं कॉलेज काढतोय म्हणाले, फिजिओ का काय ते पण काढतोय, पेणला दवाखाना, नागोठण्याला दवाखाना, पोरींना शिकवायला माणसाच्या आतलं सगळं पायजे, मुंबईचं लई महाग पडतं, तुमी करा. आमी काय नाय म्हणतोय! प्लास्टरच्या मूर्तीवर आज बंदी, उद्या नाय, परवा परत हाय — असं चाललेलं, कारखाने अर्धे ऱ्हायलेले. हिरामणनं नारळ आणला. पयला साचा काय, तर मूत्रपिंड. मूत्रपिंडासमोर नारळ फोडला आमी, म्याडम! हळदकुंकू वाहिलं! काळजाला अशी चकाकी दिली की ते सर म्हणाले, एवढं सुंदर काळीज कुणाचंच नसतं. आणि जबड्याची जीभ आमच्या रंगवाल्या बायजीनं पान खाल्ल्यागत लालभडक केली, ती परत करावी लागली. तशी परत केलीच की. कुरकुर नाय केली. आमी चूक दुरुस्त करत नाय असं समजू नका.

मंग ही तुमची ऑर्डर आली, बाळांची. पयल्या महिन्यापासनं नवव्यापर्यंत, पिशवीसकट, आणि शेवटचं बाळ पिशवीतनं काढता आलं पायजे, परत ठेवता आलं पायजे. सगुणाच म्हणाली, मी करते नमुने. शाडूचे नमुने तिनं केले म्हणून हे एवढे गोजिरे आलेत. तिला तवा सातवा व्हता. फोटो बघायची, पोटावर हात ठेवायची, आणि मातीचा गोळा वळायची. पयला तर वालाच्या दाण्याएवढा. मला हाक मारायची, आई, बघा हो, आपलं आता ह्याच्या एवढं झालं, आई, ह्याला आता नखं आली. अशी हसायची! मी म्हणायची, पोटुशी बाईनं असलं काय करू नये गो, तर म्हणायची, आई, शिकणाऱ्या पोरींना पायजे ना, उद्या त्यांच्याच हातात जाणार हाय मी. आणि खरंच तिकडंच जायची, पेणच्या तुमच्या नव्या दवाखान्यात. लई कौतुक तिला. लादी कशी, पंखे कसे, पोरी कशा ताई-ताई करतात. कार्ड आमच्या देवाच्या फळीवर ठेवलेलं.

तो रविवार व्हता. तुमाला ठावं असंल, रोह्याला तुमच्या नव्या इमारतीचं उद्घाटन व्हतं तो. हिला सकाळी कळा लागल्या. हिरामण टेम्पो काढतोय, मी शेजारी बसलेय, ही मधेच हसतेय मधेच ओठ चावतेय. दवाखान्यात गेलो तर सगळं चकाचक, रांगोळी काढलेली, आणि माणूस नाय. वॉचमन आणि दोन शिकाऊ पोरी. मोठे डॉक्टर, सिस्टरबाई, सगळे रोह्याला. अँब्युलन्स पण रोह्याला, पाहुण्यांना स्टेशनावरनं आणायला. मी त्या पोरींना काय बोलत नाय हां म्याडम, त्यांच्यावर राग नाय माझा. एकीनं पोट चाचपलं, म्हणाली, डोकं खाली आहे, वेळ लागेल, पयलटकरीण हाय. तिचे हात थंडगार व्हते, सगुणानं तवाच सांगितलं मला. वीस वर्षांची असंल नसंल. तिनं कधी आडवं बाळ बघितलंच नसंल, तर हाताला काय कळणार? आडवं व्हतं ते. डोकं म्हणून तिनं जे धरलं ते डोकं नव्हतंच.

आमी थांबलो. सांगितलं थांबा, म्हणून थांबलो. दुपार झाली तवा तिचा रंग बघून मीच ओरडले, मंग ती पोर फोन करायला धावली, आणि तिकडनं सांगितलं, रोह्याला घेऊन या, सगळे इथंच हायत. मूर्ती नेतो त्या टेम्पोत, पेंढ्यावर घातली तिला. हिरामण चालवतोय — तो गणपती नेताना कसा खड्डा चुकवत जातो, तसा चालवत व्हता, मी मागनं ओरडतेय, जोरात घे रे, आणि त्याचा पाय पडत नाय जोरात. गडब ओलांडलं आणि सगुणा गप झाली. ओरडत व्हती तवर बरं वाटत व्हतं मला. रोह्याला पोचलो तर मांडव, खुर्च्या, स्पीकर चालू, कोणतरी भाषण करतंय, आरोग्याची गंगा दारात आली म्हणून. तुमचे मोठे डॉक्टर धावत आले, खोटं नाय बोलणार, गळ्यातला हार काढायला पण थांबले नायत, तसेच आत घुसले. त्यांनी हिला वाचवलं. ते नसते तर ही पण गेली असती. पाया पडले मी त्यांच्या. पण पोर गेलं. मुलगी व्हती. चांगली भरलेली, काळंभोर जावळ.

तुमी तिथं व्हतात त्या दिवशी? नाय ना? नंतर लागलात. बरं झालं. नायतर मी तुमाला हे सांगितलंच नसतं. तशी सांगणारच नव्हते. डोळ्यांचं तेवढं बोलून टाकायचं ठरवलेलं, आणि बघा कुठं गेले.

पण डोळ्यांचंच हाय म्याडम हे. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर नीट आली ना, तवा तिनं रडणं नाय, काय नाय, मला फक्त एवढंच विचारलं — आई, डोळे कसे व्हते? तिचा धंदाच तो, ती दुसरं काय विचारणार? नाक नाय, रंग नाय, डोळे. कुणासारखे व्हते, माझ्यासारखे का ह्यांच्यासारखे? आणि मी काय सांगू? मी धरलेलं तिला. मीच कापडात घेतलेली. उघडलेच नव्हते, तर मला काय ठावं! हिरामणसारखे, असं ठोकून द्यायला पायजे व्हतं. तोंडातनं निघालं नाय. ती पण गप बसली. ती जी गप बसली ती आजपर्यंत. जेव म्हटलं तर जेवते, भांडी घासते, विचारलं तर मान हलवते, बस.

घरी आल्यावर मी सांगितलं, खाटेवर पडून ऱ्हा, कारखान्यात पाय टाकायचा नाय. आईकडनं माणूस आलं न्यायला, गेली नाय. एक दिवस मी बाजारातनं आले तर ही इथं, ह्या पाटावर, तुमी बसलात तिथंच. तुमची बाळं पॉलिश होऊन वाळत पडलेली, त्यांना अंगरंग लावत व्हती. मला बरं वाटलं, म्हटलं, हात कामाला लागला, आता मन पण लागंल. मंग तिनं बारीक ब्रश घेतला. मी रेडिओ बंद केला, सवयीनं. हिरामण दारात उभा, त्याला दिसत व्हतं ती काय करतेय, फोटो समोर भिंतीवर हाय, तो काय आंधळा नाय. पण आखणी चालू असताना बोलायचं नाय. कोण बोललं नाय. आणि तिनं एकेकाचे डोळे उघडले. आता जरा जवळनं बघा — ह्याचे आणि ह्याचे सारखे हायत? नायत. गणपतीला ती हजार डोळे काढंल, ते सगळे एका साच्यातले. इथं प्रत्येकाचे निराळे. हे हिरामणचे हायत. हे तिच्या आईचे. हे बहुतेक माझे. अशी एकेक करून बघतेय ती.

आता तुमी म्हणता, ह्याच्यावर अंगरंगाचा एक हात मारा, डोळे झाकून टाका, पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांचंच हाय! तपासणीवाले येणार, नव्या कोर्सची परवानगी अडकलेली, मॉडेलं मांडून दाखवायची, तुमची पण नोकरी हाय, सगळं कबूल. वाटी त्या फळीवर हाय. पण मारणार कोण? मी? मी एकदा कापडात घेतलंय मिटलेलं. हिरामणला सांगितलं काल रात्री, तर सकाळी उठून पेणला गेला, प्लास्टरात घालायला काथ्या आणतो म्हणून. काथ्या कोपऱ्यात ढीगभर पडलाय, तो बघा. तुमी येणार, हे न्यायला, म्हणून गेला तो. आणि सगुणाला तोंडानं कोण सांगणार, बाय गो, ह्यांचे डोळे मीट? तुमी सांगता? तुमी शिकलेल्या, तुमाला बोलायचं माहीत असंल. जा, सांगा. आत पडलीय ती.

बसा, बसा. रागानं बोलले, माफ करा. राग तुमच्यावर नाय. खरं सांगू का, मला हे सगळं आजच्या आज इथनं जायला पायजे. रंग ओला हाय म्हणाले ना मघाशी? कवाच वाळलाय. उगाच म्हणाले, जरा बसाल म्हणून. ती सकाळी ह्यांना उन्हात ठेवते, ऊन चढलं की आत घेते, तिन्हीसांजेला कापड घालते. प्लास्टरला! जेठ लागला म्याडम, मागं त्या फळ्या बघा, सगळे गणपती रंगून उभे हायत, एकालाही डोळे नायत. व्यापारी रोज येऊन उंबऱ्यातनं बघतात आणि जातात. मी म्हणते, उद्या, उद्या. सालभर ह्याच्यावर खायचं आमाला. पण त्याचं पण नाय, धंदा गेला चुलीत. मला भ्या वाटतं तिचं. परवा पहाटे खाडीच्या बांधावर जाऊन बसलेली. काय करायला आलीस गो, विचारलं, तर मान हलवली नुसती. म्हणून तुमाला फोन मी केला, हिरामणनं नाय. आज या म्हणून. ही दुपारची पडते तवा या म्हणून. मला वाटलं, तुमी याल, गुपचूप टेम्पोत घालाल, आणि ती उठंल तवा… नाय, हे पण बरोबर नाय. एकदा तसंच झालंय तिच्या बाबतीत. ती शुद्धीत नव्हती आणि आमी नेलं पोरीला. गेलेलं बघितलंच नाय तिनं. परत तेच करायला निघाले मी. काय डोकं चाललंय माझं!

अजून एक हाय. तुमच्या यादीत नसलेलं. दहावं. आत तिच्याजवळ असतं. पिशवीत बाळ आडवं केलंय. तुमच्या फोटोत तसलं कुठंच नाय, तिनं मनानं केलंय, नाळ-बीळ चुकीची असंल, तुमी बघितलंत तर दहा चुका काढाल. काढा. पण कोणी त्या पोरीला, त्या थंड हातांच्या पोरीला, नुसतं एकदा तसं बाळ हाताला लावून दिलं असतं… नाय, मी म्हणत नाय की तेवढ्यानं वाचलं असतं. मला काय कळतंय त्यातलं. ते दहावं मात्र मागू नका. त्याला ती डोळे काढते आणि पुसते, काढते आणि पुसते. कापूस भिजवून. रोज.

श्… आवाज आला ना? उठली वाटतं. माझा आवाजच मेला मोठा, सगळं आत गेलं असणार. म्याडम, तुमी काय बोलू नका हां, मी सांगते काय ते. — उठलीस बाय? ये. ह्या रोह्याच्या म्याडम, सहज आल्यात. बस हां, चहा टाकते. — अगो, ती वाटी कशाला काढतेस? सगुणा, ती अंगरंगाची हाय. गणपतीचा रंग खालच्या फळीवर… नको गो. नको करूस. म्याडम तसेच नेतायत, डोळ्यांसकट नेतायत, व्हय ना म्याडम? सांगा ना तिला. बघ, मान हलवतायत त्या. तसेच चालतात त्यांना. तू कशाला…

हे कापडात काय आणलंस? हे दहावं. अगो, तू हे… ह्याचे डोळे कुठं गेले? सकाळी व्हते की. स्वच्छ पुसलेस? मिटलेलेच ठेवलेस?

म्याडम, ती तुमाला देतेय. घ्या ना. अहो, मांडीवर देतेय तर घ्या. रडू नका, तुमी रडू नका, घ्या आधी. तसं नाय — एका हातानं नाय. मानेखाली हात घ्या, म्याडम. मानेखाली.

हां. असं.

आता बोलू नका. तिनं ब्रश उचललाय, अंगरंगात बुडवलाय.